मंजिरी अथणीकर कशावर अवलंबून आहे

मंजिरी अथणीकरने लिहिलेलं 'अंतर' नावाचं पॅकेज तिच्यावर अवलंबून असल्याने, पॅकेजबरोबर तिचीही चाचणी घेतली जाईल, असं सांगलीच्या चाचणी केंद्राने तिला फोनवर कळवलं. आपल्याला काय काय लागतं ते येण्याआधी नीट आठवून ठेवा, असंही सांगितलं.

'अंतर' हे सॉफ्टवेअर अगदी लहान होतं. दोन वेळा दिल्या की मधे किती वेळ गेला ते सांगायचं, एवढंच त्याचं काम. मंजिरीने ते कॉलेजात असताना लिहिलं आणि कोणीही फुकट वापरावं म्हणून खुलं सोडून दिलं. लोकांनी वापरलं. त्याच्यावर दुसरी पॅकेजेस उभी राहिली, त्यांच्यावर तिसरी, आणि अगदी वर कुठेतरी रुग्णांच्या शिरेत थेंब थेंब औषध सोडणारे पंप होते. ते पंप मंजिरीने कधी पाहिले नव्हते. रविवारी सकाळी डोक्याला तेल लावून ती 'अंतर'च्या तक्रारी निस्तरायची आणि मग न्हायला जायची.

केंद्रातलं यंत्र एका सरळ रीतीने काम करायचं. एक खोली पूर्ण रिकामी करायची. पॅकेजला जी मॉड्यूल्स, म्हणजे दुसरे तयार तुकडे, लागतात ती आत आणायची, त्या मॉड्यूल्सना जी लागतात तीही आणायची. बाकी काही आत येऊ द्यायचं नाही. मग पॅकेज चालवून बघायचं. चाललं, तर जे आत नव्हतं त्याची गरज नव्हती, हे सिद्ध झालं. बरीच वर्षं यावर कोणाची तक्रार नव्हती. मागच्या वर्षी केंद्राच्या असं लक्षात आलं, की पॅकेज लिहिणारा माणूस आजारी पडला की पॅकेजही बंद पडतं. म्हणजे माणूसही मॉड्यूलच. तेव्हापासून त्यालाही खोलीत नेऊ लागले.

नियम तोच राहिला. खिडकीवर विचारतात, तुम्ही कशावर अवलंबून आहात. तुम्ही सांगाल ते आत येतं. माणूस सांगितला तर तो येतो, आणि मग त्यालाही तेच विचारतात. जे सांगायचं राहतं ते बाहेर राहतं. चाचणी पार पडली, की ते तुमच्यापुरतं नसतंच.

फोनवर ऐकलेल्या या शेवटच्या वाक्याचा अर्थ मंजिरीला कळला नाही, म्हणून ती जयसिंगपूरला दिलीप हुपरीकरांकडे गेली. हुपरीकरांचं अक्षरांच्या वळणांचं एक पॅकेज होतं आणि त्यांची चाचणी होऊन गेली होती.

दार त्यांच्या बहिणीने उघडलं. सुलोचनाताई साठीच्या आसपासच्या, अंगाने बारीक. "या की आत. दादा बसलाय बघा," त्या म्हणाल्या.

हुपरीकर मान वर करून हसले. "अथणीकर मॅडम! दार उघडंच होतं वाटतं?"

मंजिरीने मागे वळून पाहिलं. सुलोचनाताई दाराची कडी लावत होत्या.

"काही त्रास होत नाही हो," हुपरीकर सांगू लागले. "मी कॉम्प्युटर सांगितला, बीपीची गोळी सांगितली, सकाळचा चहा सांगितला. चष्मा विसरलो असतो, पण डोळ्यांवरच होता. चाचणी झाली, बाहेर आलो. माझं काही म्हणता काही गेलं नाही."

सुलोचनाताईंनी पाण्याचा पेला त्यांच्यापुढे ठेवला. तो उचलून ते पाणी प्यायले. टेबलावर थोडं सांडलं, तेव्हा सुलोचनाताई फडकं घेऊन आल्या. हुपरीकरांनी कोपर उचललं, त्यांनी खालून पुसलं, हुपरीकरांनी कोपर परत ठेवलं. बोलणं कुठे थांबलं नाही.

"घरी कोण कोण असतं तुमच्या?" मंजिरीने विचारलं.

"मी एकटाच. आई गेल्यापासून एकटाच. सवय झालीय आता."

सुलोचनाताई तिला पोचवायला फाटकापर्यंत आल्या. मंजिरीने विचारलं, "तुमचं नाव सांगायला विसरले का हो ते?"

"इसरायला आधी ध्यानात असाय लागतंय, बाई. आई गेल्यापास्नं मीच बघितलं त्याचं सगळं. मी हाय म्हंजे हायच, असं धरून चालला त्यो."

"सांगून बघितलंत?"

"कानाशी बसून सांगितलं. त्यो रेडिओचा आवाज वाढवतोय." त्यांनी फाटकाची कडी काढली. "जेवाय वाढलं तर जेवतोय. ताटात कुठनं आलं, असं त्याच्या मनात येत न्हाई. तुम्ही तेवढं ध्यानात ठेवा. ज्याचं नाव घ्यायची गरज वाटत न्हाई, त्याचं आधी घ्या."

परतीच्या एसटीत मंजिरी घरच्या माणसांची नावं मनात घोकत राहिली. दोनच होती. नवरा हेरंब आणि नऊ वर्षांची मुलगी रेवती. दोन नावं विसरणं शक्य नाही, असं ती स्वतःला सांगत होती, आणि प्रत्येक थांब्यावर पुन्हा घोकत होती.

घरी येऊन तिने केंद्राला फोन लावला आणि नवरा आणि मुलगी अशी दोन नावं घेणार आहे, असं सांगितलं. उरुणकर मॅडम म्हणून एक अधिकारी होत्या. त्यांचा आवाज शांत आणि सवयीचा होता.

"मुलगी तुमच्यावर अवलंबून आहे का?" त्यांनी विचारलं.

"आहे ना. नऊ वर्षांची आहे."

"मग तुम्हाला मुलीवर अवलंबून राहता येणार नाही. तुम्ही तयार होण्याआधी ती तयार हवी, आणि ती तयार होण्याआधी तुम्ही. त्याला आम्ही वर्तुळ म्हणतो."

"पण दोन्ही खरं असलं तर?"

"खरं असायला हरकत नाही, ताई. फक्त चाचणी होत नाही."

"मग काय होतं?"

"यंत्र थांबतं."

"किती वेळ?"

"थांबतं," उरुणकर मॅडम म्हणाल्या.

"आणि मी आलेच नाही तर?"

"तर 'अंतर' सापडत नाही, अशी नोंद होईल. मग जे जे 'अंतर'वर उभं आहे तेही सापडेनासं होईल. पंपांबद्दल विचारणार असाल, तर तो विभाग वेगळा आहे."

हेरंब बेदाण्याच्या कोल्ड स्टोरेजमध्ये कामाला होता. संध्याकाळी तो आला तेव्हा नेहमीसारखा त्याच्या शर्टाला गोड, आंबूस वास येत होता. रेवती खाली खेळायला गेल्यावर मंजिरीने त्याला सगळं सांगितलं.

"माझं नाव घेऊ नकोस," तो शेवटी म्हणाला. "रेवतीचं घे. माझं काय, मी आहेच."

मंजिरीला सुलोचनाताई आठवल्या. "असं म्हणू नकोस. पुन्हा कधी म्हणू नकोस."

"बरं. मग माझं घे. पण मला विचारतील तेव्हा मी तुझं नाव घेऊ शकत नाही. वर्तुळ होईल."

"नको घेऊस."

"म्हणजे मी तुला दिसेन, आणि तू मला दिसणार नाहीस."

"हो."

"आणि रेवतीनेही तुझं नाव घ्यायचं नाही."

मंजिरीने मान हलवली. एसटीत ती याच ठिकाणापर्यंत विचार करत आली होती आणि पुढे गेली नव्हती.

"उलटं करू," हेरंब म्हणाला. "तू आमचं नाव घेऊच नकोस. आम्ही तुला दिसणार नाही, पण तू आम्हाला दिसशील. रेवतीला आई तरी दिसेल."

"आणि ती हाक मारेल तेव्हा मी रेडिओचा आवाज वाढवेन? तिच्या अंगावरून चालत जाईन? ते तिने रोज बघायचं?" मंजिरी म्हणाली. "त्यापेक्षा मीच न दिसलेली बरी. मी तुम्हाला बघेन. तिचा डबा भरेन. मला तेवढं पुरे."

"आणि आई कुठे गेली, असं तिने विचारलं तर?"

"विचारणार नाही. आई होती, हेच तिला माहीत नसेल."

खाली मुलं डबा ऐसपैस खेळत होती. त्यांत रेवतीचा आवाज ओळखू येत होता. दोघं तो ऐकत बसले.

दुसऱ्या दिवसापासून त्यांनी रेवतीला शिकवायला घेतलं. शाळेतून आली की हेरंब तिला समोर बसवायचा.

"रेवती अथणीकर, तू कशावर अवलंबून आहेस?"

"बाबांवर."

"आणखी कोणावर?"

"आणखी कोणावर नाही."

"आईशिवाय तुझं चालतं का?"

"चालतं."

"शाबास," हेरंब म्हणायचा, आणि मंजिरी स्वयंपाकघरात पोळ्या लाटत राहायची. पहिल्या दिवशी रेवती 'चालतं' म्हणताना हसली होती. नंतर पाढा म्हणावा तसं म्हणू लागली. एकदा मंजिरी लाटणं ठेवून बाहेर आली आणि म्हणाली, "पुरे आता, तिला येतंय." तिला वाटलं होतं त्यापेक्षा ते फार रागाने निघालं.

चाचणीच्या दिवशी सकाळी तिघं केंद्रावर गेले. बाकांवर आणखी पॅकेजवाले बसले होते. कोणी कोणाशी बोलत नव्हतं. सगळ्यांचे ओठ हलत होते. एक म्हातारे गृहस्थ बोटांवर काहीतरी मोजत होते आणि दर वेळी करंगळीशी येऊन अडत होते.

खिडकीत उरुणकर मॅडम होत्या. "मंजिरी हेरंब अथणीकर, तुम्ही कशावर अवलंबून आहात? बोललेलं परत घेता येत नाही. चाचणी सुरू होईपर्यंत वाढवता येतं, कमी करता येत नाही."

"नवरा, हेरंब अथणीकर," मंजिरी आधी म्हणाली. "मुलगी, रेवती अथणीकर."

"नवरा कोणता? लग्नाच्या वेळचा की आत्ताचा?"

"आत्ताचा."

"सांगितलेलं बरं असतं. काही बायका जुना मागतात, मग त्याला घरचा पत्ता माहीत नसतो. पुढे?"

मंजिरीने चष्मा सांगितला, मराठी सांगितली, उजवा हात सांगितला, तहान सांगितली. श्वास सांगू लागली तेव्हा मॅडमनी थांबवलं. "श्वास, जमीन आणि उजेड केंद्राकडून मिळतो. तो सगळ्यांनाच लागतो."

मग हेरंबला पुढे बोलावलं.

"तुम्ही कशावर अवलंबून आहात?"

"कशावरच नाही," हेरंब म्हणाला. रेवती त्याचं नाव घेणार होती, त्यामुळे त्याने तिचं घेतलं असतं तरी वर्तुळच झालं असतं.

मॅडमनी चष्म्यावरून पाहिलं. "खात्री आहे?"

हेरंबने मंजिरीकडे बघायचं टाळलं. त्याचे कान लाल झाले होते. "आहे," तो म्हणाला.

रेवती खिडकीपर्यंत पोचत नव्हती, म्हणून तिला स्टुलावर उभं केलं. मॅडमचा आवाज किंचित मऊ झाला. "रेवती, बाळ, तू कशावर अवलंबून आहेस?"

"बाबांवर," रेवती म्हणाली. मंजिरीने डोळे मिटले.

"आणखी कोणावर?"

रेवतीने वळून आईकडे पाहिलं. मग तिने विचारलं, "हे खरं सांगायचं असतं का?"

"हो."

"मग आईवर. मघाचं पाठ केलेलं होतं."

बाकांवरचे ओठ हलायचे थांबले. उरुणकर मॅडमनी खुर्ची मागे सारली. इतका वेळ न बदललेला त्यांचा चेहरा उतरला. "वर्तुळ झालं," त्या हळूच म्हणाल्या.

"ती लहान आहे," हेरंब म्हणाला. "तिला कळलं नाही. पुन्हा विचारा."

"बोललेलं परत घेता येत नाही, हे मी सुरुवातीलाच सांगितलं होतं. दार उघडलंय. तुम्हाला आत जावं लागेल."

खोली स्वच्छ आणि पांढरी होती. जमीन होती, उजेड होता. दारावर एक दिवा होता. तो पिवळा झाला. भिंतीतून यंत्राचा आवाज आला, कोरडा आणि स्पष्ट: "हेरंब तयार. मंजिरीसाठी रेवतीची वाट पाहत आहे. रेवतीसाठी मंजिरीची वाट पाहत आहे." रेवती आईला बिलगली आणि म्हणाली, "मी चुकले का?" मंजिरीने तिला इतकं घट्ट धरलं, की ती "आई, दुखतंय" म्हणाली.

ते वाट पाहू लागले. दुपार झाली, तरी दिवा पिवळाच होता. दाराच्या झरोक्यातून उरुणकर मॅडमनी विचारलं, काही वाढवायचंय का? मंजिरीने जेवण वाढवलं. संध्याकाळी अंथरूण वाढवलं. पुढे साबण, कपडे, रेवतीचं दप्तर, हेरंबसाठी पत्त्यांचा जोड. झरोक्यातून एकेक वस्तू आत येत गेली.

चाचणी पुरी झाली नसल्याने 'अंतर'ला काही झालं नव्हतं. जुनंच चालू होतं, पंपही चालू होते. चाचणी पुरी झाली नसल्याने कोणी कोणाला दिसेनासंही झालं नव्हतं. खोली मोकळी होत नव्हती, त्यामुळे बाकांवरच्या कोणाचा नंबर लागत नव्हता. ते म्हातारे गृहस्थ झरोक्याशी येऊन मंजिरीचे आभार मानून गेले. त्यांच्या सूनबाईंनी शेंगदाण्याच्या पोळ्या पाठवल्या. पुढे बाकांवरच्या घरांनी आपसांत वार वाटून घेतले आणि खोलीत रोज कुणाच्या ना कुणाच्या घरून डबा येऊ लागला. हेरंब रेवतीला गणित शिकवायचा, मंजिरी इतर सगळं. कधी कधी तिला वाटायचं, असंच चाललं तर काय वाईट आहे?

मग एकदा रेवतीने आपल्या फ्रॉकचं मागचं बटण स्वतः लावलं, आणि दिवा क्षणभर हिरवा झाला.

मंजिरीने तो पाहिला. तिला वाटलं, भास असेल. दुसऱ्या दिवशी रेवतीने आईला न विचारता माशाचा काटा काढून घास खाल्ला, तेव्हा तो पुन्हा हिरवा झाला आणि परत पिवळ्यावर यायला त्याला जरा जास्त वेळ लागला. मंजिरीने झरोक्याशी जाऊन उरुणकर मॅडमना विचारलं.

"यंत्र तपासत असतं," मॅडम म्हणाल्या. "वर्तुळ एका बाजूने जरी सुटलं तरी पुरतं."

"म्हणजे तिचं माझ्यावाचून चालायला लागलं की?"

"की चाचणी सुरू होईल."

चाचणी झाली की आपण रेवतीला दिसणार नाही, हे मंजिरीला माहीत होतं. त्यानंतर ती रेवतीचे घास स्वतः मोडून देऊ लागली. तिचे दात घासून देऊ लागली. रेवती वही उघडायला गेली की ती आधीच उघडून ठेवायची. रेवती 'मी करते' म्हणाली की मंजिरी म्हणायची, "तुला नाही यायचं." तिच्या एका बुटाची नाडी सुटली होती. ती कशी बांधायची, हे रेवतीला चांगलं येत होतं. मंजिरीने तिचा हात झटकला आणि स्वतः बांधली. रेवती रडली नाही. ती आईकडे बघत राहिली.

"तिला येऊ दे की गं," हेरंब त्या दिवशी म्हणाला.

"तू दिव्याकडे बघत नाहीस."

"मी बघतो. मी तिच्याकडेही बघतो. काल तिने मला विचारलं, आता मला काहीच येत नाही का?"

मंजिरी त्याच्याशेजारी येऊन बसली. ती म्हणाली, "हेरंब, मला फार भीती वाटते रे."

"मलाही," हेरंब म्हणाला. "मी तर तुझं नावही घेतलेलं नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी डबा आला, चहा झाला. रेवती केस मोकळे सोडून मंजिरीपुढे येऊन बसली नाही. ती भिंतीशी उभी राहिली आणि म्हणाली, "आई, आज वेण्या मी घालू?"

खोलीत आरसा नव्हता, तो कोणी सांगितलाच नव्हता. मंजिरीच्या हातात कंगवा होता. 'तुला नाही यायचं' हे शब्द तिच्या ओठांपर्यंत आले. हेरंब पत्ते पिसायचा थांबला.

मंजिरीने कंगवा पुढे केला.

रेवतीने भांग पाडला. तो आधी कानाकडे गेला, तिने परत पाडला. एका बाजूचे केस पुढे ओढून, जीभ दातांत धरून ती पेड घालू लागली. मंजिरीने दोन्ही हात मांडीखाली दाबून धरले. तिने दाराकडे पाहिलं नाही. पांढऱ्या भिंतीवर हिरवा उजेड पडलेला तिला न बघताही कळत होता.

रेवतीने रिबीन बांधली आणि वळली. "सरळ आलीय का गं?"

भिंत पुन्हा पिवळी झाली. हेरंबने श्वास सोडला. वाकडी आहे, सोड, मी घालते, एवढं म्हटलं असतं तर दिवा पिवळाच राहायला पुरलं असतं. मंजिरीने वेणी मुळापासून टोकापर्यंत नीट पाहिली.

"सरळ आहे," ती म्हणाली. "छान आलीय."

"मग दुसरीच्या वेळी विचारणार नाही," रेवती म्हणाली, आणि तिने दुसऱ्या बाजूचे केस पुढे घेतले.